घटक ५ : प्रवासाचे नियोजन व अंदाजपत्रक (उदाहरण : भूतानची कौटुंबिक सहल)

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला प्रवासाचा दिवसवार आराखडा लिहिता येईल. खर्चाच्या बाबी माणशी, रात्रीमागे आणि गटामागे अशा वेगळ्या करता येतील. राखीव रकमेची तरतूद सकारण मांडता येईल. आणि हाती असलेली रक्कम अपुरी पडत असेल तेव्हा काय सोडायचे याचा निर्णय लेखी स्वरूपात देता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, इतिवृत्त आणि अहवाल हे घडून गेलेल्या गोष्टींचे लेखन असते. अंदाजपत्रक हे अजून न घडलेल्या गोष्टीचे लेखन आहे, म्हणून ते अधिक अवघड आहे. घडलेल्या गोष्टीत कागदपत्रे हाताशी असतात. न घडलेल्या गोष्टीत आपल्या कल्पनाशक्तीलाच साक्षीदार म्हणून उभे करावे लागते.

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात हिशेबाचे काय काम, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. मराठीतील आरंभीच्या प्रवासवर्णनांपैकी एक असलेले ‘माझा प्रवास’ आठवावे. वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले ते घरावरचे कर्ज फिटावे एवढी दक्षिणा मिळेल या आशेने, आणि सापडले १८५७ च्या धामधुमीत. प्रवासाची पैशाची बाजू आणि त्यातील अनपेक्षिताची बाजू आपल्या वाङ्मयात अशी सुरुवातीपासूनच एकत्र आहे. अंदाजपत्रकालाही या दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात.

५.२ उदाहरणातील कुटुंब

भुसावळ येथील एक कुटुंब आपण कल्पू. पती, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि सदुसष्ट वर्षांच्या आजी असे चौघे आहेत. आवर्ती ठेवीची मुदत पूर्ण होऊन त्यांच्या हाती १,७०,००० रुपये आले आहेत. हिमालय पाहण्याची आजींची इच्छा जुनी आहे. गुडघे मात्र आता कुरकुर करू लागले आहेत. त्यामुळे सहल ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणण्याची मुभा या कुटुंबाला फारशी नाही. कर्ज काढून जायचे नाही, हेही घरात ठरले आहे. आपले अंदाजपत्रक या दोन मर्यादांच्या आत बसले पाहिजे.

ठिकाण म्हणून त्यांनी भूतान निवडले. अभ्यासाच्या दृष्टीनेही ही निवड सोयीची आहे, कारण या देशाने पर्यटकाच्या प्रत्येक रात्रीची किंमत स्वतःच ठरवून दिली आहे.

५.३ देशाचे धोरण आणि आपला खर्च

भूतानने परदेशी पर्यटकांसाठी दारे उघडली ती १९७४ साली. तेव्हापासून ‘पर्यटक थोडे, पण त्यांच्यापासून मिळणारे मूल्य अधिक’ हे तेथील धोरण राहिले आहे. देशाचा किमान साठ टक्के भूभाग सदैव वनाच्छादित राहील, अशी तरतूद २००८ च्या राज्यघटनेत आहे. रस्ते अरुंद, दऱ्या खोल आणि लोकवस्ती विरळ असलेल्या या देशाला पर्यटकांची झुंबड परवडणारी नाही.

या धोरणातून ‘शाश्वत विकास शुल्क’ आले. भारतीय पर्यटकांना पूर्वी असे शुल्क नव्हते. २०२० च्या कायद्याने ते लागू झाले, आणि महासाथीत बंद केलेल्या सीमा सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा उघडल्या तेव्हापासून ते प्रत्यक्ष आकारले जाऊ लागले. प्रौढ भारतीय पर्यटकास दर रात्री १,२०० न्गुल्ट्रम द्यावे लागतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे शुल्क असते आणि त्याहून लहान मुलांना ते माफ असते. न्गुल्ट्रमचे मूल्य भारतीय रुपयाइतकेच ठेवलेले असल्यामुळे हिशेबात रूपांतराची खटपट करावी लागत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. आपले शेजारी किंवा सहकारी २०१८ साली भूतानला जाऊन आले असतील आणि ‘आम्हाला एवढ्यात झाले’ असे आत्मविश्वासाने सांगत असतील, तर ती माहिती खोटी नसते. ती जुनी असते. अंदाजपत्रकातील प्रत्येक दरापुढे तो कोणत्या तारखेला आणि कोणाकडून मिळाला, याची नोंद करण्याची सवय लावून घ्यावी. शासकीय शुल्कासाठी भूतानच्या पर्यटन विभागाचे निवेदन हाच आधार मानावा.

उदाहरणातील कुटुंबापुरते हे शुल्क असे : तीन प्रौढांचे ३,६०० आणि मुलीचे ६००, म्हणजे दर रात्री ४,२०० रुपये. आजींना वयाची सवलत नाही.

५.४ दिवसवार आराखडा

अंदाजपत्रकाच्या आधी आराखडा लिहावा. पुष्कळ विद्यार्थी उलट क्रमाने जातात. आधी एक ठोक रक्कम मनात धरतात आणि मग ती निरनिराळ्या बाबींत वाटून टाकतात. अशा कागदाला अंदाजपत्रक म्हणता येत नाही. ती रकमेची वाटणी झाली.

आराखडा लिहिताना प्रत्येक दिवसापुढे तीन गोष्टी असाव्यात : सकाळी कोठे असू, रात्री कोठे असू, आणि मधले अंतर कशाने कापू. यांपैकी ‘रात्री कोठे’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण निवास आणि शुल्क दोन्ही रात्रीला बांधलेले आहेत.

भुसावळहून हावडा मेलमार्गाने दुसऱ्या दिवशी हावडा गाठता येते. उत्तर बंगालकडे जाणारी कांचनकन्या एक्स्प्रेस मात्र हावड्याहून सुटत नाही, सियालदहहून सुटते. दोन्ही स्थानकांमध्ये हुगळी नदी आणि कोलकात्याची वर्दळ आहे. नकाशावर बोटाच्या पेराएवढे दिसणारे हे अंतर सामान, मूल आणि वृद्ध व्यक्ती बरोबर असताना तासा-दीड तासाचे होऊ शकते. मुंबईकडून येणारी गाडी उशिरा आली तर पुढची गाडी चुकते. म्हणून या दोन गाड्यांमध्ये निदान सहा-सात तासांचे अंतर राहील अशीच निवड करावी.

तिसऱ्या दिवशी हासीमारा स्थानकावर उतरून मोटारीने सीमेवरचे जयगाव गाठायचे. जयगाव भारतात आहे. कमानीपलीकडचे फुंटशोलिंग भूतानमध्ये. पहिला मुक्काम जयगावात ठेवल्यास त्या रात्रीचे शुल्क लागत नाही आणि दोन रात्रींच्या रेल्वेप्रवासानंतर आजींना विश्रांतीही मिळते. येथून थिम्फू सुमारे दीडशे किलोमीटर आहे. घाटरस्त्याने चार ते पाच तास, थांबे धरून अधिकच.

या एका दिवसात आपण काही शे मीटर उंचीवरून सुमारे २,३०० मीटरवर पोहोचतो. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च माथ्याहूनही वर जाऊन आपल्याला जेवायचे, झोपायचे आणि जिने चढायचे असतात. म्हणून थिम्फूतील पहिला दिवस मोकळा ठेवावा. आजींना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि तो आराखड्यात एका ओळीने नोंदवावाही.

कुटुंबाचा पहिला आराखडा असा होता : थिम्फू दोन रात्री, पुनाखा एक रात्र, पारो दोन रात्री. भूतानमध्ये पाच रात्री, सहा दिवस. जाता-येता जयगावात एकेक रात्र. घरातून निघाल्यापासून घरी परतेपर्यंत एकूण बारा दिवस.

हंगामाविषयी थोडक्यात. मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे उत्तम काळ. जून ते सप्टेंबर या पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद पडतात. मुलीच्या शाळेमुळे या कुटुंबाला दिवाळीची सुट्टीच सोयीची आहे. परंतु दुर्गापूजा आणि दिवाळी पाठोपाठ येतात आणि त्या सुमारास बंगालकडच्या गाड्या भरून वाहतात. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुले होते. त्या दिवसाची तारीख घरातील दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावी.

५.५ कागदपत्रे

भूतानसाठी भारतीय नागरिकांना व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी पारपत्र किंवा निवडणूक ओळखपत्र चालते. आधारपत्रावर विसंबून राहू नये. मुलांसाठी पारपत्र नसेल तर जन्मदाखला लागतो. आपल्याकडील काही जुने दाखले केवळ मराठीत असतात; तसे असल्यास इंग्रजी मजकूर असलेली द्विभाषिक प्रत वेळेवर काढून घ्यावी.

खरी अडचण नावांची असते. आजींचे निवडणूक ओळखपत्र एका नावाने, बँकेचे पुस्तक दुसऱ्या नावाने, आणि रेल्वेच्या तिकिटावर नातवंडांनी घाईत भरलेले तिसरेच नाव, असा प्रकार आपल्या घरांत सर्रास आढळतो. लग्नानंतर बदललेले नाव, आडनाव आधी की नंतर, रोमन लिपीतील एखादे अधिक-उणे अक्षर यांकडे आपण घरी दुर्लक्ष करतो. सीमेवरील कक्षात तसे चालत नाही. ज्या ओळखपत्रावर परवाना घ्यायचा, त्यावर जसे नाव आहे तसेच नाव सर्व आरक्षणांत अक्षरशः उतरवावे. नियोजन-टिपणात प्रत्येक प्रवाशाचे नाव ओळखपत्राप्रमाणे एकदा लिहून काढावे आणि पुढे सर्वत्र तेथूनच नकलावे.

५.६ एका रात्रीची खरी किंमत

‘आणखी एक रात्र राहिलो तर किती वाढेल?’ असे विचारल्यावर बहुतेक जण हॉटेलचे भाडे सांगतात. ते उत्तर अपुरे आहे. खर्चाचे स्वभाव वेगवेगळे असतात. शुल्क आणि जेवण माणशी वाढते. खोली खोलीमागे वाढते. तिसरा माणूस आला तरी भाडे दीडपट होत नाही. मोटार आणि मार्गदर्शक गटामागे असतात. चौघे असोत की एकटा, दिवसाचा दर तोच. रेल्वेभाडे माणशी असले तरी रात्रींच्या संख्येशी त्याचा काही संबंध नाही.

पुढील हिशेबात शाश्वत विकास शुल्क वगळता इतर सर्व दर केवळ उदाहरणासाठी गृहीत धरले आहेत. आपल्या प्रवासासाठी आपण प्रत्यक्ष चौकशी करूनच दर लिहावेत.

शुल्क ४,२००, दोन खोल्या ४,४००, चौघांचे जेवण २,४००, मोटार ४,५००, मार्गदर्शक २,०००. बेरीज १७,५०० रुपये. हॉटेलचे भाडे ४,४००, आणि रात्रीची किंमत मात्र त्याच्या जवळजवळ चौपट! (मार्गदर्शक कोणत्या भागात आवश्यक आहे, हे परवान्याचा अर्ज करतानाच पाहून घ्यावे. या कुटुंबाने तो सर्व दिवसांसाठी धरला, कारण पायऱ्या चढताना आजींना हात देणारे आणखी एक माणूस त्यांना हवे होते.)

५.७ अंदाजपत्रक

पहिल्या आराखड्यानुसार मांडणी अशी होते :

शाश्वत विकास शुल्क (५ रात्री × ४,२००) : २१,०००
भूतानमधील निवास (५ रात्री × ४,४००) : २२,०००
जयगाव येथील निवास (२ रात्री × २,४००) : ४,८००
भूतानमधील जेवण (६ दिवस × २,४००) : १४,४००
उर्वरित जेवण (६ दिवस × १,५००) : ९,०००
मोटार (६ दिवस × ४,५००) : २७,०००
मार्गदर्शक (६ दिवस × २,०००) : १२,०००
रेल्वे, जाणे-येणे (४ प्रवासी × ६,४००) : २५,६००
हावडा–सियालदह व हासीमारा–जयगाव वाहने : ४,०००
प्रवेशशुल्के व घोडा : ११,०००
गरम कपडे, औषधे, छायाचित्रे : ६,०००
एकूण : १,५६,८०० रुपये

‘प्रवेशशुल्के व घोडा’ या ओळीकडे लक्ष द्यावे. पारोजवळचा तक्त्संग मठ, म्हणजे ‘वाघिणीचे घरटे’, सुमारे ३,१२० मीटर उंचीवर कड्याला चिकटून उभा आहे. वर जाण्यास मोटाररस्ता नाही. घोडे साधारण निम्म्या वाटेपर्यंत चढवतात. पुढे पायऱ्या, आणि उतरताना सगळी वाट पायी. ‘आजी घोड्यावरून जातील’ एवढे लिहून हा प्रश्न सुटत नाही. त्या निम्म्या वाटेवरील उपाहारगृहापर्यंत जाऊन समोरचा मठ पाहतील, तेथे त्यांच्यासोबत कोण थांबेल आणि सावकाश खाली कोण आणील, हे आराखड्यात लिहावे लागते. या कुटुंबात मुलाने थांबायचे आणि सुनेने मुलीला घेऊन मार्गदर्शकाबरोबर वर जायचे असे ठरले. हा निर्णय पायथ्याशी उभे राहून घेण्यापेक्षा घरी चहा पिताना घेतलेला बरा.

५.८ राखीव रक्कम

वरील बेरीज १,७०,००० च्या आत आहे आणि १३,२०० रुपये शिल्लक दिसतात. येथे थांबण्याचा मोह होतो. सर्वसाधारण प्रथा एकूण खर्चाच्या दहा टक्के रक्कम ‘संकीर्ण’ म्हणून धरण्याची आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते डोंगराळ प्रदेशातील प्रवासासाठी ही प्रथा उपयोगी नाही. दरड टक्केवारीने कोसळत नाही.

राखीव रक्कम एखाद्या घटनेवरून काढावी. ‘काय बिघडेल?’ हे एका वाक्यात लिहावे आणि त्या वाक्याची किंमत करावी. या प्रवासातील सर्वांत संभाव्य संकट असे : परतीच्या दिवशी घाटरस्ता बंद झाला, एक रात्र वर अडकून पडावे लागले आणि त्यामुळे हासीमाऱ्याची गाडी चुकली. किंमत : वाढीव रात्र १७,५००, आणि चौघांची परतीची नवी तिकिटे १२,८००. एकूण ३०,३०० रुपये. ऐन सुट्टीत ठरलेल्या वर्गाचे तिकीट मिळेलच असे नाही. तरी निदान एवढी रक्कम हवीच.

ही रक्कम मिळवल्यावर अंदाजपत्रक १,८७,१०० रुपयांवर जाते. हाती आहेत १,७०,०००. तूट १७,१०० रुपयांची.

५.९ काय सोडावे?

अंदाजपत्रक-लेखनातील खरा कसोटीचा भाग हाच. कुटुंबात तीन सूचना आल्या. राखीव रक्कम निम्मी करावी, ही पहिली. ती नाकारावी, कारण अर्धी दरड कोसळत नाही. जेवणाचा आणि खोल्यांचा दर्जा उतरवावा, ही दुसरी. तेथे थोडी बचत शक्य आहे, पण १७,००० रुपये त्यातून काढायचे तर त्याचा भार आजींच्या प्रकृतीवर पडेल. पुनाख्याचा मुक्काम गाळावा, ही तिसरी.

पुनाखा सोडणे सोपे नाही. दोन नद्यांच्या संगमावरचा तेथील झोंग, म्हणजे गढी आणि मठ एकत्र असलेली वास्तू, भूतानमधील अत्यंत देखण्या वास्तूंपैकी एक मानली जाते. थिम्फूहून एका दिवसात जाऊन येता येते. परंतु जाऊन-येऊन पाच-सहा तासांचा घाट होतो. तक्त्संगच्या चढाआधी आजींना इतके दमवणे शहाणपणाचे नाही. त्याऐवजी थिम्फूपासून जवळ असलेल्या दोचुला खिंडीपर्यंत जावे. सुमारे ३,१०० मीटरवरील या खिंडीत १०८ छोर्तेन उभारलेले आहेत, आणि हवा स्वच्छ असेल तर तेथून हिमशिखरांची रांग दिसते. आजींना पाहायचा होता तो हिमालयच.

एक रात्र कमी होताच खर्च १,३९,३०० वर येतो. राखीव रक्कम धरून १,६९,६००. उरतात ४०० रुपये. घरी परतण्याच्या एक दिवस आधी हावडा स्थानकावर आजींना शेजारणीसाठी मिठाई घ्यावीशी वाटली, तर तेवढ्याची सोय आहे.

५.१० पैसे केव्हा व कसे द्यावेत

ज्याचा पैसा परत मिळतो ते आधी बांधावे, ज्याचा मिळत नाही ते शेवटी. रेल्वेचे तिकीट रद्द केल्यास काही कपात होऊन रक्कम परत येते. म्हणून ते पहिले. हॉटेल ठरवताना रद्द करण्याची अट लेखी मागवावी. दूरध्वनीवर ‘होऊन जाईल’ असे सांगितलेले अंदाजपत्रकात धरू नये. भूतानमध्ये भारतीय रुपये चालतात, आणि जुलै २०२१ पासून भीम-यूपीआयची सोयही सुरू झालेली आहे. तथापि डोंगरात संपर्क तुटतो, म्हणून दोन दिवसांच्या खर्चाइतकी रोकड जवळ असावी. उलट न्गुल्ट्रम भारतात उपयोगाचे नाहीत. ते सीमेपूर्वीच संपवावेत किंवा बदलून घ्यावेत. तेथील घड्याळ आपल्या पुढे अर्धा तास आहे. परतीच्या गाडीची वेळ काढताना कोणते घड्याळ धरले, हे लिहून ठेवावे.

५.११ भाषेविषयी

अंदाजपत्रकाची भाषा संख्येला पूरक असावी, संख्येची जागा घेणारी नसावी. ‘प्रवास व इतर खर्च अंदाजे ३०,०००’ या ओळीत ‘इतर’ आणि ‘अंदाजे’ हे दोन शब्द मिळून वाचकाला काहीच कळू देत नाहीत. ‘इतर’ लिहावेसे वाटले की त्यात काय काय आहे ते मोडून लिहावे. ‘अंदाजे’ लिहावेसे वाटले की दर, संख्या आणि गुणाकार दाखवावा. ‘तरतूद’ आणि ‘खर्च’ यांतही फरक ठेवावा. राखीव रक्कम ही तरतूद आहे. ती खर्च झाली नाही तर परत ठेवीत जायची आहे, आणि टिपणात तसे वाक्य असावे.

५.१२ स्वयं-अध्ययन प्रश्न व उपक्रम

१) उदाहरणातील मुलगी दहाऐवजी तेरा वर्षांची असती, तर सुधारित आराखड्याचे (४ रात्री) एकूण शुल्क किती झाले असते? राखीव रकमेतही कोणता बदल करावा लागेल?

२) कुटुंबाबरोबर आणखी एक प्रौढ नातेवाईक यायचे ठरले. त्यांनी आपला माणशी वाटा दिल्यास मूळ चौघांचा भार कोणत्या बाबींत कमी होईल आणि कोणत्या बाबींत होणार नाही, हे सकारण लिहा.

३) ‘पुनाखा गाळावे’ या निर्णयाशी आपण असहमत आहात असे समजून, १,७०,००० रुपयांच्या आत आणि राखीव रकमेला हात न लावता पर्यायी अंदाजपत्रक तयार करा. सोबत आजींना उद्देशून दहा ओळींचे पत्र लिहून आपली निवड त्यांना समजावून सांगा.

४) आपल्या घरातील सर्व व्यक्तींची नावे त्यांच्या निवडणूक ओळखपत्रावर किंवा जन्मदाखल्यावर जशी आहेत तशी लिहून काढा आणि दुसऱ्या एखाद्या कागदपत्राशी ताडून पाहा. आढळलेले फरक संपर्कसत्रात घेऊन या.